सेले नदीच्या खोऱ्यात पायी: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी चार दिवसांची आखणी

येऊरच्या जंगलवाटा, खारघरच्या टेकड्या आणि कर्नाळ्याचा किल्ला ज्यांच्या पायाखालचे आहेत, अशा ठाणे-नवी मुंबईतील अनेक भटक्यांना युरोपात गेल्यावर एखादी पायवाट चालावीशी वाटते आणि मग बहुतेकांची नजर थेट आल्प्सकडे वळते. या लेखात मात्र नैर्ऋत्य फ्रान्समधील लॉट या प्रांतातून वाहणाऱ्या सेले नामक लहानशा नदीच्या खोऱ्यातून कसे चालावे, याची माहिती दिली आहे. येथे हिमशिखरे नाहीत आणि दोर लावून चढण्याजोगे सुळकेही नाहीत. चुनखडीच्या कड्यांच्या पायथ्याशी वसलेली दगडी घरांची गावे, मध्ययुगीन मठांचे अवशेष, प्रागैतिहासिक चित्रांची गुहा आणि शतकानुशतके यात्रेकरूंच्या पायांनी मळलेली वाट, असा हा प्रदेश आहे. एका दिवसात किल्ला करून संध्याकाळच्या लोकलने परतणाऱ्या मंडळींना इथले चढ किरकोळ वाटतील. त्यांची परीक्षा घेतो तो सलग चालण्याचा तिसरा-चौथा दिवस, दुपारी बंद असलेले दुकान आणि आरक्षण न करता गाठलेला मुक्काम. त्यामुळे या वाटेची तयारी पायांइतकीच कागदावरही करावी लागते.

वाट नेमकी कोणती

फ्रान्समधील लांब पल्ल्याच्या पायवाटांना ‘जीआर’ म्हणतात आणि प्रत्येक वाटेला क्रमांक असतो. त्यांपैकी जीआर ६५ ही ल पुई-आँ-व्हले या गावातून निघून स्पेनच्या सीमेजवळील सँ-जाँ-पिए-द-पोर या गावाकडे जाते. स्पेनमधील सांतियागो द कोंपोस्तेला येथील संत जेम्सच्या समाधीकडे जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गाचा हा फ्रान्समधील एक भाग आहे. फिजाक या गावाच्या पुढे, बेदुए गावाजवळ या वाटेला एक फाटा फुटतो. मूळ वाट पठारावरून काओर या शहराकडे जाते, तर जीआर ६५१ हा फाटा सेलेच्या खोऱ्यात उतरतो आणि सेले व लॉट या नद्यांच्या संगमाजवळील बुझिएस गावी पोहोचतो. फिजाकपासून बुझिएसपर्यंतचे अंतर साधारण ६० ते ७० किलोमीटरच्या दरम्यान आहे. फिजाकहून निघून चार दिवसांत सँ-सिर्क-लापोपी या गावी थांबावे आणि काओरपर्यंत पायी जाण्याचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बुझिएसच्या पुढे काओरकडे जाणारा टप्पा लांबचा आणि कोरडा आहे, आणि तो उरकण्याच्या घाईत खोऱ्यातील जी दोन-तीन ठिकाणे निवांत पाहायची तीच मागे टाकावी लागतात.

भूरचना समजून घेतली की दिवसाची आखणी सोपी होते. या भागात चुनखडीची उघडी पठारे आहेत, त्यांना ‘कॉस’ म्हणतात. नदीने या पठारात खोल खोरे कोरले आहे. पठारावर पाणी टिकत नाही, ते दगडाच्या भेगांतून खाली मुरते. त्यामुळे वर खुरटे ओक, ज्युनिपर आणि मातीविना रचलेल्या दगडी कुंपणांच्या रांगा दिसतात, तर खाली नदीकाठी अक्रोडाच्या बागा, पॉपलरची झाडे आणि गावे आहेत. वाट काही वेळ नदीकाठाने जाते आणि मग अचानक दीड-दोनशे मीटर चढून पठारावर येते, पुन्हा उतरते. दिवसातून दोनदा-तीनदा असे झाले तर ती चढाई कर्नाळ्याहून फारशी कमी भरत नाही, हे नकाशावरील किलोमीटरचा आकडा पाहून लक्षात येत नाही. हा परिसर कॉस द्यु केर्सी या प्रादेशिक निसर्ग उद्यानात मोडतो. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाला २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला.

कधी जावे

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर तापमान पस्तिशीच्या पुढे जाऊ शकते, मुक्कामाची ठिकाणे भरलेली असतात आणि सँ-सिर्क-लापोपीच्या गल्ल्यांत दादर स्थानकाची आठवण यावी इतकी गर्दी असते. नोव्हेंबर ते मार्च या काळात बहुतेक यात्री-निवास बंद असतात. उन्हाबाबत कोकणपट्टीत वाढलेल्या माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे दमट हवेत घामाने सदरा चिकटला की पाणी प्यायची आठवण आपोआप होते. तेथील कोरड्या हवेत घाम आल्या आल्या वाळतो आणि तहान लागली असे वाटण्याआधीच डोके दुखू लागते. म्हणून दर अर्ध्या तासाने घोटभर पाणी पिण्याची सवय येथूनच लावून घ्यावी.

सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम सुरू होतो. रानडुकरांच्या शिकारीच्या दिवशी वाटेवर ‘शास आँ कूर’, म्हणजे शिकार चालू आहे, असे फलक लावलेले आढळतात. अशा वेळी सॅकवर भडक नारिंगी रंगाचे आवरण घालावे, आखलेल्या वाटेवरच राहावे आणि आपण आहोत हे मोठ्याने बोलून कळू द्यावे. या एका प्रसंगी मराठी माणसाचा खणखणीत आवाज कोणालाही खटकत नाही.

ठाण्यात आणि नवी मुंबईत करायचा सराव

सराव करताना उंचीपेक्षा सलगपणाला महत्त्व द्यावे. शनिवारी १५ किलोमीटर आणि रविवारी पुन्हा १५ किलोमीटर, तेही प्रत्यक्ष नेणार असलेली सॅक पाठीवर घेऊन, असे चालून पाहिल्याशिवाय आपले बूट आणि आपले गुडघे कसे वागतात हे कळत नाही. ठाणेकरांना उपवनपासून येऊरचा चढ सोयीचा आहे. मात्र येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्यामुळे वनविभागाच्या वेळा व नियम पाळावेत आणि जंगलातील आडवाटांना परवानगीविना जाऊ नये. बेलापूर-नेरुळच्या बाजूला राहणाऱ्यांनी पारसिक टेकडीचा रस्ता एका दमात वर-खाली करावा आणि दुसऱ्या दिवशी पाम बीच मार्गालगतच्या सपाट पदपथावर अंतर वाढवावे. कर्नाळा किंवा माथेरानच्या एखाद्या पायवाटेवर एक-दोनदा जाणे अवश्य आहे, कारण डांबरी रस्ता पावलाला जे शिकवत नाही ते सुटे दगड शिकवतात. केर्सीच्या पठारावरील वाट अशाच सुट्या, टोकदार चुनखडीच्या तुकड्यांची आहे, आणि पावसानंतर गुळगुळीत झालेल्या दगडांवर उतरताना पाय हमखास सरकतो.

बूट घोट्यापर्यंत असलेच पाहिजेत असे नाही. मात्र तळवा जाड व पकड चांगली असावी, आणि बूट निदान दोन महिने वापरलेला असावा. सॅकचे वजन पाण्यासह सात-आठ किलोच्या वर जाऊ देऊ नये. सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी गाडीने पोहोचवणाऱ्या सेवा या यात्रामार्गावर आहेत, आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी त्यांचा लाभ घेण्यात कमीपणा मानू नये.

व्हिसा आणि आरक्षण

फ्रान्ससाठी अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. परंतु उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर मुंबईत भेटीची वेळ मिळणे कठीण होते, म्हणून मे महिन्यात जायचे असल्यास जानेवारीतच हालचाल करावी. प्रवास विम्यात किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण असावे लागते. पायी प्रवास करणाऱ्यांची खरी अडचण असते ती निवासाच्या पुराव्याची, कारण खेड्यांतील यात्री-निवासांपैकी कित्येक कोणत्याही मोठ्या आरक्षण संकेतस्थळावर नसतात. अशा ठिकाणी ईमेल करून तारीख, प्रवाशांची पूर्ण नावे आणि निवासाचा पत्ता यांचा उल्लेख असलेले उत्तर लेखी मागून घ्यावे आणि त्याची छापील प्रत अर्जासोबत जोडावी. चार मुक्कामांची चार पत्रे आणि चालण्याचा दिवसवार तक्ता एकत्र लावला, तर अर्ज पाहणाऱ्यालाही प्रवासाचा हेतू चटकन उमगतो.

यात्री-निवासांना ‘झीत देताप’ म्हणतात. सामायिक खोलीतील पलंग, गरम पाण्याची आंघोळ आणि सोबत रात्रीचे जेवण व न्याहारी, असा तेथील बेत असतो. दोन्ही वेळचे खाणे धरून माणशी साधारण ४५ ते ६० युरो खर्च येतो. पांघरूण मिळते, परंतु चादर बहुधा आपली आपण न्यावी लागते; त्यासाठी पातळ कापडाची शिवलेली पिशवी पुरते आणि ती आपल्याकडचा शिंपी जुन्या सुती साडीतून अर्ध्या तासात शिवून देतो. बूट दाराशी काढण्याची रीत तेथेही आहे. काही ठिकाणी ढेकणांच्या धास्तीने सॅकदेखील बाहेर ठेवायला सांगतात, त्यात अपमान मानू नये.

जेवणाचा प्रश्न

हा भाग बदकाच्या मांसासाठी, अक्रोडांसाठी, शेळीच्या दुधाच्या रोकामादूर चीजसाठी आणि काओरच्या गडद लाल वाइनसाठी प्रसिद्ध आहे. शाकाहारी व्यक्तीने आरक्षण करतानाच तसे कळवावे, आणि केवळ ‘शाकाहारी’ असे न लिहिता मांस, मासे, बदकाची चरबी यांपैकी काहीही चालत नाही, अंडी चालतात की नाही, हे फोड करून सांगावे. बटाटे चरबीत परतणे तेथे इतके अंगवळणी पडलेले आहे की ते कोणाच्या ध्यानातच येत नाही. ‘साँ व्याँद, साँ प्वासाँ’, म्हणजे मांसाविना, माशाविना, हे शब्द कागदावर लिहून जवळ ठेवावेत. कांदा-लसूण किंवा कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी यजमानाच्या स्वयंपाकावर अवलंबून राहूच नये. स्वतः रांधता येईल असे स्वयंपाकघर असलेला निवास निवडावा.

घरून काय न्यावे, याविषयी नियम कडक आहेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे व दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, त्यामुळे तुपाचा डबा, पनीर आणि श्रीखंड घरीच ठेवावे. ताज्या फळांना अपवाद वगळता वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा मे महिन्यात कोणाला भेट म्हणून हापूसची पेटी न्यायचा मोहही आवरावा. तेलातले खाकरे, पातळ पोह्यांचा चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दाण्या-गुळाची चिक्की मात्र चालतात आणि वाटेवर फार उपयोगी पडतात. तांदूळ तेथे मिळतोच.

दुकानांच्या वेळा पाठ कराव्यात. दुपारी बारा ते दोन किंवा त्याहून अधिक काळ दुकाने बंद असतात. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी गावे सामसूम असतात. फिजाकला शनिवारी सकाळी मोठा बाजार भरतो. शक्य असल्यास तेथील बाजार करून त्याच दिवशी किंवा रविवारी निघावे आणि दोन दिवसांचा शिधा सोबत घ्यावा, कारण फिजाक सोडल्यावर खोऱ्यात भरवशाची दुकाने विरळ आहेत. पैसे काढण्याची यंत्रेही तशीच, म्हणून निवासाचे पैसे देण्याइतके रोख युरो जवळ असू द्यावेत.

फिजाकला पोहोचणे

मुंबईहून पॅरिसला थेट विमाने आहेत. विमानतळावरून आरईआर बी गाडीने गार द्यु नोर स्थानक आणि तेथून मेट्रो क्रमांक ५ ने ऑस्टरलिट्झ स्थानक गाठावे. तेथून लिमोज, ब्रीव्ह, काओरमार्गे तुलूझकडे जाणाऱ्या गाडीने ब्रीव्ह-ला-गायार्दपर्यंत चार तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. ब्रीव्हला गाडी बदलून फिजाकला जाता येते. विमानातून उतरल्या दिवशीच पुढचा प्रवास करू नये. एक रात्र पॅरिसमध्ये आणि एक पूर्ण दिवस फिजाकमध्ये ठेवावा.

फिजाक हे ज्याँ-फ्राँस्वा शाँपोलियाँ याचे जन्मगाव. १७९० मध्ये जन्मलेल्या या विद्वानाने १८२२ मध्ये इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा जाहीर केला. त्याच्या जन्मघराच्या ठिकाणी आता जगभरच्या लिपींचे संग्रहालय आहे आणि शेजारच्या चौकात, चित्रलिपीच्या उलगड्याची किल्ली ठरलेल्या आणि तीन लिपींत कोरलेल्या रोझेटा शिलेची काळ्या दगडातली अवाढव्य प्रतिकृती अंथरली आहे. जोसेफ कोसुथ या कलावंताने १९९१ मध्ये ती साकारली. तिन्ही लिपींतल्या ओळींवरून चालत पायऱ्या-पायऱ्यांनी वर जाता येते.

दिवसवार वाटचाल

पहिला दिवस सर्वांत लांब आहे. फिजाकहून चढून वाट पठारावर येते, फेसेल गावातून लॉट नदीचे रुंद खोरे दाखवते आणि बेदुएजवळच्या फाट्याशी पोहोचते. येथे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. जीआर वाटांची खूण म्हणजे झाडावर, दगडावर किंवा खांबावर रंगवलेले दोन आडवे पट्टे, वर पांढरा आणि खाली लाल. पट्ट्यांच्या खाली बाण काढलेला असेल तर वळायचे, आणि पांढऱ्या-लाल पट्ट्यांची फुली असेल तर ती वाट आपली नव्हे. अडचण अशी की जीआर ६५ आणि जीआर ६५१ या दोन्हींचे रंग एकच आहेत. केवळ पट्टे पाहून चालणारा माणूस नकळत पठारावरच्या वाटेने काओरकडे निघून जातो आणि त्याला ते पुढच्या गावाचे नाव वाचेपर्यंत समजत नाही. म्हणून फाट्यावर थांबून लाकडी फलकावरील ६५१ हा आकडा आणि एस्पान्याक किंवा मार्सियाक हे नाव वाचावे, मगच पाऊल उचलावे. पिवळा एकेरी पट्टा हा स्थानिक छोट्या फेऱ्यांचा असतो. फ्रान्सच्या आयजीएन संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवावा, कारण कड्यांच्या आड नेटवर्क जाते.

त्यानंतर कॉर्नवरून वाट नदीकाठाने एस्पान्याकला येते. वीस किलोमीटरच्या पुढे चालणे झालेले असते, त्यामुळे ज्यांना इतके झेपणार नाही त्यांनी बेदुएच्या आसपास मुक्काम करून एक दिवस वाढवावा. एस्पान्याकला व्हाल-पारादी नावाच्या जुन्या मठाचे चर्च असून त्याचा लाकडी चौकटीत विटा भरून बांधलेला घंटा-मनोरा दगडी गावात वेगळा उठून दिसतो.

दुसऱ्या दिवशी ब्रेंग आणि सँ-सुल्पीस या गावांवरून मार्सियाकला जायचे. या टप्प्यात चढ-उतार सर्वाधिक जाणवतात. ब्रेंगच्या कड्यात भिंती बांधून बंद केलेली कपार दिसते. खोऱ्यात अशा कडेकपारीतील आश्रयस्थानांना ‘इंग्रजांचे किल्ले’ म्हणतात, कारण १३३७ ते १४५३ या काळातील शतवर्षीय युद्धाशी लोकांनी त्यांचे नाते जोडले. त्यांपैकी काहींचे मूळ मात्र त्याहून जुने आहे. मार्सियाकचा बेनेडिक्टाइन मठ एकेकाळी इतका बलाढ्य होता की ११६६ मध्ये रोकामादूर येथे संत आमादूरचा मानला गेलेला देह सापडून ते तीर्थक्षेत्र प्रसिद्धीस आल्यावर, त्याच्या मालकीवरून त्याने त्युलच्या मठाशी दीर्घकाळ भांडण केले आणि अखेर हार पत्करली. तीर्थक्षेत्राच्या उत्पन्नावरून होणारे वाद आपल्याला नवे नाहीत! युद्धांत पडझड झालेल्या या मठाच्या छप्पर नसलेल्या कमानी आजही उभ्या आहेत. येथे दुपारपर्यंत पोहोचेल असा बेत ठेवावा.

तिसऱ्या दिवशी सोलियाकवरून काब्रेरेला पोहोचायचे. पाणी कमी पडू नये म्हणून माणशी दोन लिटर भरून निघावे. फ्रान्समधील खेड्यांत स्मशानभूमीच्या फाटकाजवळ बहुधा नळ असतो आणि पायी चालणारे तेथेच बाटल्या भरतात. मात्र ‘ओ नाँ पोताब्ल’ अशी पाटी असल्यास ते पाणी पिऊ नये. गवताळ वाटेवरून आल्यावर संध्याकाळी पोटऱ्या आणि गुडघ्यामागची जागा गोचिडीसाठी तपासावी.

काब्रेरेजवळची पेश मेर्ल गुहा हा या सबंध प्रवासाचा गाभा आहे, आणि तिच्या वेळेभोवतीच चौथा दिवस रचावा. १९२२ मध्ये आंद्रे दाव्हिद आणि आंरी द्युतेर्त्र या गावातल्या दोन मुलांनी, काब्रेरेचे धर्मगुरू आमेदे लेमोझी यांच्या प्रोत्साहनाने शोध घेताना, ती शोधून काढली. अंगभर ठिपके असलेले दोन घोडे आणि त्यांच्याभोवती हातांचे ठसे, हे तेथील सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे चित्र. भिंतीचा उजवा कडाच नैसर्गिकरीत्या घोड्याच्या डोक्यासारखा आहे आणि चित्रकाराने त्याच आकाराचा आधार घेतल्याचे समोर उभे राहिले की दिसते. ठिपकेवाले घोडे ही कल्पना असावी असे काही अभ्यासक मानत. परंतु प्राचीन घोड्यांच्या हाडांतील डीएनएच्या २०११ मधील अभ्यासाने असे घोडे त्या काळी खरोखर होते असे दाखवून दिले. मूळ चित्रेच पाहायला मिळत असल्याने रोजची प्रवेशसंख्या मर्यादित ठेवतात. सकाळच्या फेरीचे तिकीट आगाऊ घ्यावे आणि आत थंडी असल्याने स्वेटर न्यावा. गुहा हिवाळ्यात काही काळ बंद असते.

गुहेनंतर बुझिएस आणि तेथून नदीकाठाने सँ-सिर्क-लापोपी, हा शेवटचा टप्पा जीआर ३६ वरून जातो. कडा थेट पाण्यात उतरलेला असल्यामुळे एकोणिसाव्या शतकात, १८४० च्या दशकात, खडक अर्धा कोरून येथे वाट काढली, जेणेकरून माल भरलेल्या होड्या काठावरून दोराने ओढता याव्यात. डोक्यावर खडकाचे छत, एका हाताला भिंत आणि दुसऱ्या हाताला लॉट नदी अशी ही वाट आहे. भिंतीच्या एका भागावर दानिएल मोनिए या शिल्पकाराने मासे, शिंपले, पाण्याचे तरंग कोरले आहेत. दरडीच्या धोक्यामुळे ही वाट कधी बंद ठेवतात. आदल्या दिवशी यजमानाला विचारून घ्यावे.

सँ-सिर्क-लापोपी नदीच्या बरेच वर कड्यावर वसलेले असून आंद्रे ब्रेताँ या कवीने १९५१ मध्ये तेथे घर घेतले होते. दिवसा बसगाड्यांनी येणारी गर्दी संध्याकाळी ओसरते, म्हणून महाग पडले तरी रात्रीचा मुक्काम गावातच करावा. दुसऱ्या दिवशी दरीत उतरून, पलीकडच्या काठावरील तूर-द-फोर येथून काओर-फिजाक बस पकडता येते. बसच्या फेऱ्या मोजक्या आहेत आणि रविवारी व सुट्टीच्या दिवशी त्या आणखी कमी होतात, तेव्हा वेळापत्रक आदल्या रात्रीच पाहावे. काओरला पुढच्या गाडीला अवकाश असेल, तर सॅक पाठीवर घेऊनही चौदाव्या शतकातल्या तीन बुरुजांच्या व्हालाँत्रे पुलापर्यंत स्थानकातून चालत दहा-पंधरा मिनिटांत जाता येते.